तळ्याकाठची राखण

हळदी-कुंकू बदकं चौसष्ट, चांदवे दोनशे दहा, चक्रवाक अठरा, शेकाटे सदतीस, टिबुकल्या अकरा. एकंदर तीनशे चाळीस पाखरं, आणि त्यांतलं एकही मनोऱ्यासमोर नाही. प्रेरणानं दुर्बीण खाली घेतली, चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

नेसरीजवळच्या त्या पाझर तलावावर पाखरांना तोटा नव्हता. सांडव्याच्या बाजूला तर पाणी दिसत नव्हतं. पण मनोऱ्यासमोर कुणी अर्धी भाकरी मोडून न्यावी तसं अर्धगोल पाणी रिकामं पडलं होतं.

जागा तिच्या मामाची, भरमाप्पाची. वीस वर्षांपूर्वी तळ्याकाठच्या शाळूवरची पाखरं राखताना रानातला राखणीचा उंच माळा मोडला. धाकटा भाऊ सोमेश जागीच गेला आणि भरमाप्पा कमरेखाली लुळा झाला. तेव्हापासून घराच्या सोप्यावर चाकाच्या खुर्चीत त्याचे दिवस चालले होते. तळ्याकडे तो पुन्हा फिरकला नव्हता. कोल्हापूरच्या निसर्गमंडळानं पक्षी बघायच्या मनोऱ्यासाठी काठाचा तुकडा मागितला, तेव्हा त्यानं पैसा घेतला नाही, फक्त एक अट घातली. आयुष्यभर जी पाखरं हाकलली, ती मरायच्या आधी एकदा जवळून बघायची. आणि वर जायचं ते स्वतःच्या चाकांवर, कुणाच्या पाठुंगळी बसून नाही.

आराखडा मंडळानं प्रेरणाकडे दिला. ती राजारामपुरीत वाढलेली, प्राणिशास्त्रात नुकतीच एमएस्सी झालेली, आणि मोजल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी. फूटभर चढायला बारा फूट वाट, असा लाकडी रॅम्प तिनं आखला. मध्ये दम घ्यायला सपाट जागा ठेवली, आणि चाक घसरू नये म्हणून दोन्ही कडांना लाकडी पट्टी लावली. बसल्या माणसाला कठड्यातून दिसावं म्हणून हिराबाई मामीनं नवऱ्याच्या डोळ्यांची उंची भिंतीवर कुंकवानं लावून दिली. वर ऐकवलंही, की एवढ्या मापानं तर माझ्या लग्नात झंपरसुद्धा शिवला नव्हता.

मनोरा रानात उपरा दिसू नये, म्हणून बाभळीचे चार खांब आणि उसाच्या पाल्याचं छप्पर ठरलं. बावड्याहून आणलेल्या कृष्णात सुताराला काठावर चार जुने खड्डे सापडले, दगडगोट्यांनी ठासून भरलेले. नवी माती उकरायला नको, म्हणून प्रेरणा खूश झाली. जागेनंच दिलेल्या खड्ड्यांत उभा राहिलेला मनोरा जागेला शोभणारच, असं तिला वाटलं.

खांब उभे राहिले आणि पाखरं हटली. त्याआधी याच काठाला ती चिखलात चोच खुपसून चरत, हे तिनं स्वतः नोंदवलं होतं. लाकडाला दिलेल्या तेलपाण्याचा वास असेल म्हणून ती थांबली. माणसांची ये-जा असेल म्हणून मनोरा आठवडाभर मोकळा ठेवून सांडव्यावरून पाहिलं. रॅम्पला बोरूच्या काडाचा आडोसा केला. पाण्यात ठरावीक अंतरावर बांबू रोवून तिनं रिकामा पट्टा मोजला. काही केलं तरी तो एकशे वीस मीटरच भरे.

आणखी एक गोष्ट होती, ती तिनं कुणाला सांगितली नाही. दिवस मावळताना एखादं चुकार बदक त्या पट्ट्यात शिरलं, की त्याच्या शेजारी पाण्यावर टुबकन वर्तुळ उठे आणि बदक उडून जाई. मासा असावा, असं तिनं लिहून ठेवलं. पण मासा रोज बदकाच्या शेजारीच उसळत होता, म्हणून पुढं प्रश्नचिन्हही काढलं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी भरमाप्पाला आणलं. मामी मागं, प्रेरणा शेजारी, पण हात कुणी लावायचा नाही, असा त्याचा दंडक. हातानं चाकं फिरवत तो वर पोचला. घामाघूम झाला होता, पण हसत होता. मग कठड्याच्या फटीतून त्यानं पाण्याकडे पाहिलं, सांडव्याकडे पाहिलं, डावीकडच्या वाकड्या बाभळीकडे पाहिलं, आणि त्याचं हसू मावळलं.

भाचीला तो लाडानं अव्वा म्हणे. "अव्वा, ह्यो मनोरा न्हवं," तो हळू म्हणाला. "ह्यो आमचा माळा हाय. तीच जागा, त्येच खड्डं."

प्रेरणानं त्याला रिकामा पट्टा दाखवला आणि बांबूंचा हिशेब सांगितला. तो मान हलवत राहिला.

"सोम्याच्या गोफणीचा दगड तितवरच जायाचा."

"मामा, मग इतकी वर्षं पाखरं इथं कशी चरत होती?"

"माळा न्हवता न्हवं. उभा कुटं ऱ्हाणार त्यो?"

मामीनं पदर तोंडाला लावला. मग भरमाप्पानं त्या दिवसाचं सांगितलं. त्यांच्याकडे माळ्यावरचा राखण्या आपल्या मनानं उतरत नसे. दिवस बुडाला की खालच्या माणसानं बांधावरून राखण उठल्याची हाक द्यायची, मगच वरच्यानं गोफण कमरेला गुंडाळायची. त्या दिवशी खाली भरमाप्पा होता. पण भावाला भूक लागली असेल म्हणून भाकरी घेऊन तोच वर चढला, आणि दोघांच्या ओझ्यानं खांब गेला. हाक द्यायला खाली कुणी उरलंच नाही.

खाली पाण्यावर टुबकन वर्तुळ उठलं. या वेळी जवळपास बदक नव्हतं.

भरमाप्पानं खुर्ची वळवली आणि रॅम्प उतरून तो पायथ्याच्या बांधावर गेला; दोघी मागोमाग उतरल्या. तिथून वर, रिकाम्या मनोऱ्याकडे तोंड करून त्यानं मोठ्या आवाजात हाक दिली.

"सोम्याऽऽ, राखण उठली रंऽऽ. उतर आता."

वारा पडला होता. दिवसभर तापलेलं लाकूड संध्याकाळी आकसतं आणि वाजतं, हे प्रेरणाला माहीत होतं. पण रॅम्पच्या फळ्या वाजल्या त्या वरून खाली, ओळीनं, एकेक. मधल्या सपाट जागेवर आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला. शेवटची फळी भरमाप्पाच्या खुर्चीसमोर वाजली. त्यानं हात पुढं केला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा वर जाऊन बसला. प्रेरणानं त्याच्या शेजारी उभं राहून मोजणी केली. सर्वांत जवळचा पक्षी चक्रवाक, अंतर अकरा मीटर.