पट्टा सैल झालाय म्हणे!

मी बीपी मोजायच्या मशीनचा पट्टा बोलतोय. जरा घाईतच बोलतोय, कारण हवा भरली की माझा दम कोंडतो, आणि हवा गेली की माझं कुणी ऐकत नाही.

कारखान्यातून मी औषधांच्या दुकानात आलो आणि तिथून थेट मास्तरांच्या दंडावर. मास्तर गाडी चालवायला शिकवतात. "घाबरू नका, एक ब्रेक माझ्याही पायाखाली आहे," असं दिवसभर लोकांना सांगतात. स्वतःच्या रागाला मात्र ब्रेकबिक काही नाही!

त्यांच्याच हाताखाली तयार झालेली त्यांची लेक त्यांना न विचारता दूरच्या शहरात ट्रक चालवायला गेली. मास्तर म्हणाले, "विषय संपला."

संपला कसला, डोंबल! रोज सकाळी मी दंडावर असतानाच तिचा फोन यायचा. मास्तर मानेनंच 'नाही' म्हणायचे, आणि आत अशी धडधड सुरू व्हायची की मीच हादरायचो. आकडा बघून बाई, म्हणजे त्यांची बायको, दचकायच्या. "अहो, एवढा?"

"पट्टा सैल झालाय. नवा आणू."

मी सैल? जीव खाऊन आवळतोय मी! कुणीतरी सांगा हो या माणसाला.

मग एका सकाळी फोन वाजलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला बांधून मास्तर फोनकडे टक लावून बसले.

"कुणाची वाट बघताय?" बाईंनी विचारलं.

"कुणाची नाही."

आत काय चाललं होतं ते मला विचारा! त्याच दुपारी गाडी शिकवताना त्यांच्या छातीत कळ आली.

बाईंच्या पिशवीतून मीही दवाखान्यात गेलो. तिथे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, पण हृदय दमलंय. मनावरच्या ताणानंही असं होतं. काही मनाला लावून घेतलंय का?"

"छे!"

बाईंना राहवेना. "लेकीशी बोलत नाहीत हे, डॉक्टर." आणि बाहेर जाऊन त्यांनीच तिला फोन लावला.

आज मास्तर घरी आहेत आणि लेक आली आहे. आल्या आल्या तिनं मला उचललं आणि बापाच्या दंडाला गुंडाळलं, तेही उलटं! माझी नळी खांद्याकडे. मी नुसता कासावीस.

मास्तरांनी नळीकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "नळी हाताकडे असते. एवढंही शिकवलं नाही का मी?"

"तुम्ही ब्रेक शिकवलात, बाबा. हे नाही."

तिनं मला सोडून नीट बांधलं. मास्तरांचे डोळे भरून आले. आकडा अजून वरच होता.

"पट्टा सैल झाला असेल," बाईंनी टोमणा मारला.

मास्तरांनी लेकीचा हात धरला. "नाही गं," ते म्हणाले, "पट्टा बरोबरच होता."