बाहेर वल्हवणारा

छोट्या होडीतून मासेमारीला जाण्याला आमच्या फेरो बेटांवर 'उत्रोवुर' म्हणतात. 'उत' म्हणजे बाहेर, 'रोवुर' म्हणजे वल्हवणं. आजोबा-पणजोबा खरंच वल्हवत जायचे, त्यावरून पडलेला शब्द. पुढे इंजिनं आली, वल्ही गेली, शब्द मात्र जागचा हलला नाही. माझा नवरा गुट्टोर्म त्याच शब्दावर मिरवायचा. कोणी काय करता म्हणून विचारलं की छाती पुढे काढून सांगायचा, "आम्ही बाहेर वल्हवणारे. पिढ्यान्‌पिढ्या."

परवा मीही त्याच्याबरोबर गेले होते. कॉड मासा बराच मिळाला. परतताना धक्का हाकेच्या अंतरावर आला आणि इंजिननं मान टाकली. धक्क्यावर अर्धं गाव जमलेलं, कारण पोरींचा शर्यतीच्या होडीचा सराव चालला होता. त्या पोरींत आमची लेक सोल्वाही होती.

"वल्ही आहेत ना रे?" म्हातारा यास्पर वरून ओरडला. "मग मार की."

वल्ही होती, कोरी करकरीत. गुट्टोर्मनं ती अडकवली आणि ऐटीत धक्क्याकडे तोंड करून बसला. जोर लावून ओढलं, तशी होडी धक्क्यापासून लांब जायला लागली.

"अरे, भलतीकडे चाललोय आपण."

"गप बस. पाण्याला ओढ आहे."

पुन्हा ओढलं, पुन्हा लांब. धक्क्यावरचे आधी हसले, मग एकदम गप्प झाले. ते गप्प होणं फार वाईट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वल्हवता मलाही येत नाही, पण मी कधी तसा तोरा मिरवला नाही.

पोरींची होडी शेजारी आली आणि सोल्वा आमच्या होडीत उतरली. "बाबा, जायचंय तिकडे पाठ करून बसतात," ती अगदी हळू म्हणाली. पण वारा पडलेला, सगळ्यांना ऐकू गेलं. "सरक जरा, मी घेते."

तो मुकाट्यानं माझ्या शेजारी येऊन बसला. सोल्वानं वल्ही घेतली. धक्क्याकडे पाठ, तोंड आमच्याकडे. गुट्टोर्मचे कान लालबुंद झाले होते. तो माशांकडे बघे, स्वतःच्या हातांकडे बघे, आणि मान वर केली की समोर पोरगी.

"इंजिन उद्याच बघून घेतो," तो पुटपुटला.

"हो, बाबा."

मग तिनं डोळे मिटून घेतले आणि धक्का येईपर्यंत तशीच वल्हवत राहिली.