पासवर्डांची वही

अकोल्याच्या गाडीत मूर्तिजापूर मागे पडलं तरी रामभाऊ बोंडे यांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली नव्हती. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी पिशवीतून डोकावणारं लाल कापड पाहून विचारलं, "पोथी हाय का जी?"

"हो," रामभाऊ म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर खिडकीकडे तोंड फिरवलं.

पोथी नव्हती ती. शिक्षण संस्थेच्या अमरावतीच्या मुख्य कचेरीतल्या आणि अकोल्याच्या कॉलेजातल्या मिळून एकतीस माणसांचे पासवर्ड होते तीत. रामभाऊंचं अक्षर वळणदार, समासही सोडलेला. भजनी मंडळाच्या पोथ्या ते ज्या लाल कापडात बांधत, त्याचाच एक तुकडा या वहीला गुंडाळलेला.

बावीस वर्षं झाली, रामभाऊ संस्थेचं नेटवर्क सांभाळत होते. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. दिवसभर लोकांच्या बंद पडलेल्या मशिनी उठवायच्या आणि गुरुवारी संध्याकाळी कीर्तनात बुवांच्या मागे टाळ घेऊन उभं राहायचं, एवढाच त्यांचा प्रपंच. आताशा दोन्हीकडे उभं राहिलं की गुडघे बोलत. पण टाळ हातात असला की गुडघ्यांचं ऐकू येत नसे. कचेरीत मात्र सगळं ऐकू येई.

वही काही त्यांनी हौसेनं केली नव्हती. गेल्या वर्षी कोणाच्या तरी खात्यात बाहेरचा माणूस शिरला, तेव्हा रामभाऊंनीच परिपत्रक काढलं होतं: प्रत्येकानं नवा पासवर्ड ठेवावा आणि तो कोणालाही सांगू नये. दुसऱ्या दिवशी दहा वाजल्यापासून त्यांचा फोन वाजायला लागला.

"भाऊ, परिपत्रक वाचलं बरं," अकोल्याच्या ग्रंथालयातल्या लीलाबाई म्हणाल्या होत्या. "कोनालेच सांगायचं नाई म्हन्ता ना? ठेवला नवा. घ्या लिहून."

"अहो लीलाबाई, कोणालाच म्हणजे मलाही नाही."

"अव माय! तुमी काय बाहेरचे आहा? कोनालेच म्हंजे बाहेरच्याले. घ्या, पहिले मोठा यस..."

त्यांच्यामागून दुसरा, मग तिसरा. पहिल्या तिघांशी रामभाऊंनी वाद घातला. पाचव्याला नुसतं हं हं केलं. नवव्या फोनला पेन हातात घेतला. विसरले की शेवटी आपल्याकडेच येणार, दर सोमवारी रांग लागणार, त्यापेक्षा लिहिलेलं बरं, असं त्यांनी मनाला समजावलं. थकले होते, आणि खरं सांगायचं तर थोडे सुखावलेही होते. एकतीस माणसं आपल्या घराची किल्ली विश्वासानं हातात ठेवतात, तेव्हा कोणाला बरं वाटत नाही?

वहीत लोकांचं काय काय होतं! कोणाचं कुलदैवत, कोणाची गेलेली लेक, एका गुरुजींची साहेबाला दिलेली अस्सल वऱ्हाडी शिवी. अकोल्याच्या कॉलेजातल्या, लेखा विभागाच्या माया तायडे यांनी आपला शब्द सांगताना आवाज खाली आणला होता. तो शब्द काय होता ते इथंही सांगणं नाही.

गेल्या गुरुवारी बुवा रंगात येऊन म्हणाले होते, "देवानं डोळा दिला, मायबाप, अन् वरून पापनी कावून दिली? सगळं पायलंच पाहिजे असं नाई म्हून दिली! कानाले पापनी नाई, त्यानं ऐकावंच लागते. पन डोळ्याले मिटता येते!" लोक हसले होते. रामभाऊंच्या हातातला टाळ मात्र एक ठोका चुकला होता.

कारण तोवर व्हायचं ते झालं होतं. अकोल्याच्या कॉलेजात चौदा मुलांचे अंतर्गत परीक्षेचे गुण एका शनिवारी वाढले, आणि ते मायाबाईंच्या खात्यातून वाढले; संगणकात गुण भरायचं कामही त्यांच्याकडेच असे. त्या दिवशी त्या रजेवर, परतवाड्याला मावशीकडे होत्या. पण खातं त्यांचं, आणि 'माझा पासवर्ड मी कोणालाही दिलेला नाही' या छापील कागदावर सहीही त्यांची. आज चौकशीची दुसरी बैठक होती. आज त्यांना निलंबित करणार, हे सगळ्या कॉलेजाला कळून चुकलं होतं.

रामभाऊंनी नोंदी काढून पाहिल्या होत्या. गुण वाढले ते अमरावतीच्या कचेरीतल्या मशिनीवरून. म्हणजे मायाबाई सुटत होत्या खऱ्या, पण अमरावतीत त्यांचा पासवर्ड कोणाकडे होता? बोट फिरून रामभाऊंवरच येत होतं. आणि त्यांनी बोलायचं नाही ठरवलं असतं, तर त्यांना विचारणारंही कोणी नव्हतं.

कॉलेजच्या व्हरांड्यात मायाबाई बाकावर बसल्या होत्या. हातात डबा, न उघडलेला.

"जय भीम, भाऊ."

"जय भीम, मायाबाई. जेवल्या नाही?"

"मले नाई जात. दोन दिवसांपासून माय बी उपाशी हाय. म्हन्ते, आपल्या घरात आजपर्यंत कोनावर असा डाग नाई." त्यांनी डबा बाजूला सरकवला. "भाऊ, मागच्या बैठकीत त्यायनं इचारलं, पासवर्ड कोनाले सांगतला काय म्हून. मी नाई म्हटलं."

"कावून?"

"तुमचं नाव घेऊ? तुमी थोडीच करान असं? उगा तुमाले ओढायचं म्हंजे."

 रामभाऊंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि आत गेले.

आत तिघं होते. प्राचार्या माधवी देशपांडे, एक वकील आणि मधोमध अमरावतीच्या कचेरीत बसणारे संस्थेचे सचिव महादेवराव. महादेवरावांनी चहाचा कप सरकवला.

"या रामभाऊ. तुमाले उगाच ताप दिला एवढ्या लांब. फक्त एवढं सांगा, खातं कोणाचं?"

"मायाबाईंचं."

"झालं मग. लिहा वकीलसाहेब."

"झालं नाही साहेब," रामभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "त्यांचा पासवर्ड मलाही माहीत होता. त्यांचाच नाही, सगळ्यांचा. मी लिहून ठेवत होतो." त्यांनी लाल कापड सोडलं आणि वही टेबलावर ठेवली. "आणि काम अमरावतीच्या मशिनीवरून झालं आहे. हा नोंदीचा कागद."

प्राचार्या पुढे झुकल्या. महादेवराव हसले.

"म्हणजे तुम्ही केलं म्हणता? अहो, दोन वर्षं राहिली तुमची. काहून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊन राहिले? ठेवा ती वही पिशवीत. आम्ही पाहिलीच नाही."

अख्खी रात्र रामभाऊंनी याच गोष्टीचा विचार केला होता. नुसतं शेवटचं पान फाडून आणलं असतं तर वही लपली असती. पण फाडलेल्या पानावर कोण विश्वास ठेवणार, आणि आता मायाबाई त्यांच्यासाठी खोटं बोलल्याचंही कळलं होतं; वही लपली तर ते खोटं बाईंच्याच गळ्यात राहणार.

"शेवटचं पान पाहा, मॅडम. मंडळाची पोथी कोणी नेली की शेवटच्या पानावर तारीख आणि सही घ्यायची, अशी आमची रीत आहे. हाताला सवय लागली, या वहीलाही तसंच करत गेलो."

शेवटच्या पानावर एकच सही होती. महादेवरावांची. शुक्रवारी सकाळी नेली, सोमवारी परत. मध्ये तो शनिवार.

प्राचार्यांनी वही वकिलांकडे सरकवली.

"मी ऑडिटसाठी नेली होती," महादेवराव म्हणाले. "कपाटात पडून होती."

"तुम्ही केलं असं मी म्हणत नाही साहेब. शनिवारी वही माझ्याकडे नव्हती. आणि मायाबाईंशिवाय निदान दोघांकडे त्यांचा पासवर्ड होता. एवढंच लिहून घ्या."

"महादेवराव, तुम्हाला आता इथं बसता येणार नाही," प्राचार्या शांतपणे म्हणाल्या. वकिलांनी आधी लिहिलेली ओळ खोडली.

तासाभरात ठरलं ते एवढं: प्रकरण पोलिसांकडे द्यायचं, मायाबाईंचं निलंबन नाही, वही लाखेनं सीलबंद, आणि नियमाविरुद्ध ती ठेवल्याबद्दल रामभाऊंना नोटीस. नोटीस तिथंच हातात मिळाली. रामभाऊंनी घडी घालून खिशात ठेवली. सगळ्यांचे पासवर्ड आजच्या आज बदलायचे, तेही त्यांनीच.

लेखा विभागात मायाबाईंना सगळं आधीच कळलं होतं. रामभाऊंना वाटलं होतं, निदान त्यांचा चेहरा उजळलेला दिसेल. तो दिसला नाही.

"वही होती?" त्या म्हणाल्या. "लिहून ठेवलं होतं तुमी?"

"विसरले लोक तर..."

"मी कवा विसरली? एकदा तरी विसरली काय?" त्यांचा आवाज चढला. "माह्या बाबाची, बापूची आठवन होती भाऊ ते. रोज सकाळी तेवढं टाइप करायचं अन् मंग कामाले लागायचं. आता ते त्या सायबाच्या कपाटात पडलं, कोनं कोनं वाचलं त्याले. मी तुमाले सांगतलं होतं, वहीले नाई!"

"चुकलं माझं," रामभाऊ म्हणाले.

 त्यांनी पदरानं डोळे पुसून खुर्ची पुढे ओढली. "करा सुरू. काय करायचं ते."

रामभाऊंनी त्यांचं जुनं कुलूप काढून टाकलं. पडद्यावर दोन रिकाम्या चौकटी आल्या. "दोन्हींत तोच शब्द टाका. नवा. मला दिसणार नाही. पुढं विसरलात तर मी नुसतं पुसून देईन, काय होता ते मलाही कळणार नाही."

"नाई विसरत मी."

ते उठून व्हरांड्यात गेले. मागून कळांचा आवाज यायला लागला, एकेक, सावकाश. उभ्या जन्माची कीर्तनात ठेका मोजायची सवय. कान आपोआप मोजू लागले, तीन, चार, पाच. रामभाऊंनी खिशातल्या नोटिशीवर हात ठेवला आणि पायऱ्या उतरून पार त्या टोकाच्या कडुनिंबापर्यंत चालत गेले, जिथं कळांचा आवाज पोचत नव्हता. तिथं ते मायाबाई बोलावतील तोवर उभेच राहिले.