दुसऱ्याच्या कळपातलं कोकरू

आमच्या गेममधले गट ग्रामपंचायतीच्या सदस्यांसारखे फुटत होते. खेळणाऱ्यांनी मेंढ्या पाळायच्या, गट करून लांडग्यांशी लढायचं. पण बक्षीस हातात पडलं की निम्मा गट पलीकडे. मी बक्षिसं वाढवली, तर ते आणखी लवकर फुटायला लागले. अक्कल माझीच! पुण्याच्या कंपनीनं आठ दिवस दिले. गट टिकले नाहीत तर गेम बंद, आणि मी घरी.

लॅपटॉप उचलून मी कड्याजवळच्या आमच्या गावी आलो आणि शेजारच्या सारजामायच्या ओसरीवर बसलो. माझी आई बाळंतपणात गेली तेव्हा मायनं मला तिच्या सिदूबरोबर अंगावर पाजलं. तीन वर्षांचा झालो तसं माझ्या वडिलांच्या, सटवाच्या, हवाली केलं. मी परका म्हणून दिलं, असंच मला वाटत आलं होतं.

मी अडचण सांगत होतो आणि माय एक कोकरू मेंढीला लावत होती. मेंढी त्याला झिडकारायची. मायनं तिचंच दूध काढून कोकराच्या अंगाला चोळलं, तेव्हा कुठं तिनं त्याला जवळ घेतलं. कोकराची आई मेलेली, आणि ते विठ्ठलरावाचं. त्याच्याशी मायचं वर्षभर बांधावरून वाजलेलं. मी म्हणालो, "त्याचं कावून सांभाळतीस?"

"माझी दोन त्याच्याकडं हायत. भांडून जायचं कुठं?"

मी त्याच दुपारी बक्षिसं काढून टाकली. नवा नियम केला: प्रत्येकाचं कोकरू गटातल्या दुसऱ्याच्या कळपात वाढेल. परत कधी द्यायचं, तेवढं अडलं. तेही मायलाच विचारलं.

ती कोकराकडेच बघत राहिली. "दूध तुटलं की द्यायचं. लई जड जातंय. पर ठिवून घेतलं तर ती चोरी हुती. त्याच्या बापालाबी दुसरं कोन हुतं?"

कोकराच्या बापाबद्दल ती बोलत नव्हती. इतकी वर्षं मी उगाच रुसून होतो.

आठवड्याभरात बारापैकी दहा गट टिकले, आणि नोकरीही टिकली. गेममध्ये परत आलेल्या कोकरावर आता दोन नावं दिसतात. मायला वाचता येत नाही, म्हणून माझ्या कोकरावर बोट ठेवून मी वाचून दाखवलं: कळप सटवाचा, दूध सारजाबाईचं.

तिनं पदरानं फोनची काच पुसली आणि म्हणाली, "परत वाच."