आईला दिलेली गोळी

भात काढून झालं आणि सारजाबाईंची कंबर धरली. वय बाहत्तर. शिनोलीच्या घरात त्या आणि नवरा भिमाजी, दोघंच. मुलगा दादाभाऊ चाकणला कंपनीत होता. आळे गावात दिलेली लेक मंगल भेटायला आली, ती पर्समध्ये स्वतःच्या गोळ्या घेऊनच. आखडलेले स्नायू सैल करणाऱ्या त्या गोळ्या तिला तिच्या डॉक्टरांनी पाठीसाठी दिल्या होत्या.

"दोन दिसांत मोकळी झाले बघ मी. सकाळ-संध्याकाळ एकेक घे."

आईला झोपेची गोळी चार वर्षं चालू आहे, हे मंगलला माहीत होतं. पण कंबरेचं दुखणं वेगळं, त्याची गोळी वेगळी, असं तिला वाटलं.

पहिल्या दिवशी कंबर हलकी झाली. दुसऱ्या दिवशी सारजाबाई भाकरी थापता थापता पेंगल्या. "लई दिसांनी दुखायचं थांबलंय, झोप येणारच," भिमाजी म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या शेळीला पाला टाकायला उठल्या, पाय तिरके पडले आणि त्या ओट्यावरून खाली गेल्या. खुब्याचं हाड मोडलं.

मंचरच्या एका दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्या गोळ्या मागितल्या. भिमाजींनी पिशवी टेबलावर उपडी केली. बाईंनी त्यातलं एक पाकीट उचललं.

"ही कुणी दिली?"

मंगल शेजारीच उभी होती.

"म्या आणली," भिमाजी म्हणाले. "एकाला गुण आला व्हता म्हणून."

"आजोबा, या वयात ही गोळी अंगातून लवकर उतरत नाही. गुंगी येते, तोल जातो. त्यात झोपेची गोळी सोबत. एकाची गोळी दुसऱ्याला देण्याआधी निदान विचारायचं तरी."

ऑपरेशन झालं, पण सारजाबाई अंथरुणातून उठल्या नाहीत. छातीत कफ भरला आणि अठराव्या दिवशी त्या गेल्या.

दादाभाऊनं बापाशी बोलणं टाकलं. "अडाणीपणानं मारली माझ्या आईला," असं तो पाहुण्यांसमोर म्हणाला. भिमाजी मान खाली घालून ऐकत राहिले.

मंगलनं त्यांना गोठ्यात एकटं गाठलं. "आबा, का घेतलं तुमी अंगावर?"

"मला बोलून बोलून किती दिस बोलतील? तुला जलमभर माहेरी यायचंय."

दहाव्याला घोडनदीच्या काठी कावळा शिवला, लोक उठू लागले. मंगल भावासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, गोळी आबांनी न्हाई आणली. मी दिली. माझ्या पर्समधली."

दादाभाऊ बापाजवळ जाऊन खाली बसला आणि त्यांचे पाय धरून हुंदके देऊ लागला. भिमाजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "तिला काय बोलू नगं. आईवर जीव व्हता तिचा."

तो बहिणीकडे न बघता गाडीत जाऊन बसला.

वर्ष झालं. भाऊबीजेला मंगल शिनोलीला आली, ओवाळणीचं ताट करून दुपारपर्यंत वाट बघत बसली. दादाभाऊ आला नाही. मग तिनं ताट उचलून आत ठेवलं आणि आबांना जेवायला वाढलं.