सोमवार लेगीचा घोळ आणि माझी चिठ्ठी

मी योग्याकार्तामधल्या एका छोट्या कचेरीतला बिल्ड सर्व्हर. पोरं दिवसभर ओळी लिहितात, मी त्या एकत्र बांधून चालता प्रोग्रॅम करून देतो. दमलो असं मी कधी म्हणालो नाही. गरम मात्र होतो!

माझे मालक तार्जोकाका. जुन्या वळणाचा माणूस. बांधलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या फोल्डरला ते वार आणि जावाच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला बाजारवार मिळून नाव द्यायचे: 'सोमवार लेगी', 'बुधवार पोन'. लग्नाची तारीखही ते अशीच सांगतात.

"काका, ही जोडी दर पस्तीस दिवसांनी परत येते हो," वेनिंग म्हणायची. वेनिंग आमची प्रोग्रॅमर, तोंडाने तिखट.

"येऊ दे की. तुझ्यासारखी रजेवर तर जात नाही!"

एका मंगळवारी सकाळी रक्तपेढीतून सुलास्त्रीबाईंचा फोन आला. काल दिलेल्या नव्या प्रोग्रॅममध्ये पिशव्यांची यादीच कोरी दिसत होती. वॉर्डात एक बाळंतीण रक्तस्रावाने पांढरी पडत चालली होती.

"घाबरू नका, जुना बसवतो. सोमवार लेगी," काका म्हणाले. वेनिंगने फोल्डर उघडलं, तर आत कालचाच प्रोग्रॅम. कालही सोमवार लेगीच होता. नवा प्रोग्रॅम मी जुन्याच्या उरावर लिहून जुना पुसून टाकला होता. सांगितलं तसं केलं, तरी लाज वाटली.

सुलास्त्रीबाईंनी फ्रीज उपसून एकेका पिशवीवरची चिठ्ठी वाचली. चाळीस मिनिटांनी हव्या त्या गटाची पिशवी सापडली. बाळंतीण वाचली, पण थोडक्यात. काकांनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी वेनिंगने मला आवरलं. प्रत्येक बांधणीला नवा क्रमांक, पुन्हा कधीच न वापरायचा. सेटिंगं वेगळ्या फोल्डरात. कुठे कोणता क्रमांक चालतोय, कुठला नीट चालत होता, परत कसा बसवायचा, याची साध्या भाषेतली चिठ्ठी. रोज संध्याकाळी सगळ्याची दुसरी प्रत शेजारच्या यंत्रावर.

"एवढे आकडे माझ्या डोक्यात राहणार नाहीत गं."

"राहायला कशाला हवेत, काका? वाचता येतं ना?"

गेल्या गुरुवारी पुन्हा तेच. रक्तपेढीची यादी कोरी, आणि नेमकी तेव्हाच माझी डिस्क बसली. वेनिंग बहिणीच्या लग्नाला सोलो शहरात गेलेली. काकांनी तिला फोन लावला.

"निघू का मी?"

"लग्न सोडून? वेडी की काय! चिठ्ठी कुठेय तेवढं सांग."

शेजारच्या यंत्रासमोर बसून, चष्मा पुसत, मोठ्याने वाचत काकांनी एकट्याने मागचा क्रमांक बसवला. बारा मिनिटं! मग सुलास्त्रीबाईंना फोन केला.

"झालं? मला वाटलं, कारणं सांगायला फोन केलात."

काका हसले, आणि मग बराच वेळ डोळे पुसत बसले.

आता मी टेबलावर उघडा पडलोय, उद्या भंगारवाला नेईल. खुशाल न्या. माझ्याजवळ होतं ते सगळं शेजारच्या यंत्रावर आहे. फक्त चिठ्ठीत आजचा क्रमांक लिहायला विसरू नका.