सहा फुल्यांचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. अंबरनाथला, पालेगावच्या वाटेवरच्या एका बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझा पांढरा रंग आता चहाच्या डागासारखा पिवळा झाला आहे आणि पंखा फिरताना घरघर करतो. पण एके काळी माझाही तोरा होता बरं का!

माझा जन्म एका औषधाच्या कारखान्याच्या ऑफिसात झाला असं मी मानतो, कारण तिथेच मला पहिल्यांदा वीज मिळाली. नारळ फुटला, कुंकू लागलं, आणि कुंकवाचं बोट थेट माझ्या पडद्यावर उमटलं. माझ्यात कंपनीचे हिशेब आणि साहेबांची पत्रं असत. म्हणून माझं कुलूपही पक्कं होतं. घरगुती कॉम्प्युटरवर म्हणे पासवर्डची चौकट एक बटण दाबून बाजूला सारता येते. माझ्याकडे असला ढिला कारभार नव्हता. शब्द बरोबर असेल तर आत या, नाहीतर दारातच उभे राहा. या कडकपणाचा मला फार अभिमान होता. आज त्याचीच मला लाज वाटते.

१९९८ साली ऑफिसात नवी मशिनं आली आणि त्याच वर्षी माझ्यावर काम करणारे विष्णुपंत निवृत्त झाले. पस्तीस वर्षं त्यांनी त्या कारखान्यात काढली होती. निघताना त्यांनी मला विकत घेतलं. घरी त्यांच्या पत्नी कुमुदिनीकाकूंनी माझ्यासाठी जुन्या पडद्याचं झाकण शिवलं, त्याला झालरसुद्धा लावली. मुलगा शशिकांत म्हणाला, "बाबा, रिटायर झालात ना? मग हे खोकं कशाला घरी आणलंत?"

विष्णुपंत नुसते हसले. खरं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. त्यांना विसरायला होऊ लागलं होतं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग बाजारातून घरी यायचा रस्ता. डॉक्टरांनी त्यांना काय ते स्पष्ट सांगितलं होतं.

म्हणून रोज दुपारी जेवणं झाली की ते माझ्यासमोर बसत आणि एकेका बोटाने लिहीत. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण माझ्याकडे मराठी अक्षरं नव्हती. काकू चहा घेऊन आल्या की ते पडदा बंद करत.

"काय एवढं लिहिता हो?"

"तुझ्यासाठीच आहे. पुरं झालं की दाखवीन."

काकू लाजत आणि कप उचलून निघून जात. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांना विष्णुपंतांकडून एक चिठ्ठीही आली नव्हती. हा माणूस घरात फार बोलायचा नाही.

ते काय लिहीत होते, ते मला ठाऊक होतं. लग्नाआधी काकू सोनिवलीच्या अंजनी होत्या. लग्नात विष्णुपंतांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं, कुमुदिनी. सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि अंजनी हे नाव त्या दिवसापासून संपलं. माहेरची माणसं होती तोवर ते सोनिवलीत ऐकू यायचं, मग तेही थांबलं. आणि आता विष्णुपंत लिहीत होते, 'अंजनी, तुझं नाव चांगलं होतं. मी बदललं तेव्हा तुला विचारलं नाही. खळ्यावर भात वारवताना तुला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा कोणीतरी तुला याच नावाने हाक मारली होती. आठवतंय तोवर सगळं लिहून ठेवतो.'

माझ्या कुलपाचा शब्दही त्यांनी तोच ठेवला होता. अंजनी. इंग्रजीत सहा अक्षरं. ते शब्द टाइप करत तेव्हा पडद्यावर सहा फुल्या उमटत.

एके दुपारी विष्णुपंत माझ्यासमोर बसले आणि त्यांची बोटं हवेतच राहिली. शब्द गेला होता. त्यांनी काहीतरी दाबलं, मी नाही म्हणालो. पुन्हा दाबलं, पुन्हा मी नाही म्हणालो. ते लहान मुलासारखे रडले. त्यानंतर ते माझ्यासमोर कधी बसले नाहीत. पुढच्या चार महिन्यांत ते काकूंनाही विसरले. त्या भात कालवून घास पुढे करत आणि ते अदबीने विचारत, "बाई, तुम्ही कोण? माझ्यासाठी कशाला त्रास घेता?"

मित्रांनो, त्या वाक्यानंतर काकू माझ्यासमोर येऊन बसू लागल्या. त्यांना बाकी काही नको होतं. हा माणूस आपल्याला ओळखत होता तेव्हा त्याने आपल्यासाठी काय लिहिलं, तेवढं त्यांना वाचायचं होतं.

फुल्या सहा असतात हे त्यांनी पाहिलं होतं. सातवीपर्यंतचं इंग्रजी आठवून त्या एकेक अक्षर शोधत. नातीचं नाव वृंदा, ते सहा अक्षरांत बसलं. मी नाही म्हणालो. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पदर सावरला आणि नवऱ्याचं नाव लिहिलं, विष्णु. जन्मात त्यांनी ते नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. तरी मी नाही म्हणालो. त्या विष्णुपंतांच्या खुर्चीशी जाऊन विचारत, "अहो, आठवा ना. काय शब्द होता?"

"दार उघडंच आहे की," ते म्हणत.

एक दिवस काकूंनी पहिलं अक्षर दाबलं, दुसरं दाबलं. अं! पुढचं दाबा, काकू, पुढचं दाबा! त्या थांबल्या. "त्यांना कुठलं हे नाव आठवायला," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "त्यांनीच तर बदललं." आणि त्यांनी दोन्ही अक्षरं पुसून टाकली.

शेवटी शशिकांतने मला चादरीत गुंडाळून रिक्षातून उल्हासनगरला नेलं. तिथे हसानंद नावाचे एक मेकॅनिक होते. मोठे सरळ गृहस्थ. त्यांनी मला उघडून पाहिलं.

"शशीभाई, दो रास्ते हैं. पासवर्ड याद करो, नाहीतर फॉर्मॅट मारतो. चालू होईल, पण आतलं सगळं साफ. कुछ काम का है क्या अंदर?"

शशिकांतने कपाळ पुसलं. "काय असणार? बाबांना अलीकडे स्वतःचं नाव धड लिहिता येत नव्हतं. आईला हे चालू झालेलं दिसलं की बरं वाटेल. मारा."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही सांगेन. अर्ध्या तासात विष्णुपंतांची एकशे बारा पानं गेली. तुम्ही विचाराल, मग तुला हे आठवतं कसं? माझं पोट धुतलं, पण की-बोर्ड तोच राहिला. ती चाचपडणारी बोटं त्याने लक्षात ठेवली आहेत.

घरी आल्यावर बटण दाबताच मी काही न विचारता उघडलो. काकूंनी हात जोडले. "आणि त्यांनी लिहिलेलं?"

शशिकांतला खरं सांगायचा धीर झाला नाही. "आत काही नव्हतंच गं, आई."

"तरीच," काकू म्हणाल्या. त्यांनी माझ्यावर झाकण घातलं आणि झालर सरळ केली. आपल्यासाठी काही लिहिलंच नव्हतं, अशी त्यांची खात्री झाली होती. आणि मला तोंड नव्हतं.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, काकू घास भरवत होत्या. विष्णुपंतांनी त्यांचा हात अडवला आणि दाराकडे पाहत विचारलं, "बाई, अंजनी कुठं गेली हो? मला तिला काहीतरी दाखवायचंय."

काकूंच्या हातातला घास ताटात पडला. त्यांनी बोटांवर अक्षरं मोजली. सहा.

"शशी! अरे शशी, तोच शब्द होता रे! त्यांना माझं नाव आठवत होतं!" इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शशिकांत भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. काकू त्याला रागावल्या नाहीत. तो रडायचा थांबेपर्यंत त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. मग त्या विष्णुपंतांजवळ जाऊन बसल्या.

"अहो, मी आले. अंजनी."

विष्णुपंतांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "नाही, बाई," ते हळूच म्हणाले. "ती लहान आहे."

मित्रांनो, मला धूळ बसू देऊ नका, पाण्यापासून जपा, असं मी सांगणार नाही. ते तुम्ही जाणताच. पण कोणासाठी काही लिहीत असाल तर पुरं व्हायची वाट पाहू नका, अर्धंच हातात द्या. आणि ज्या नावाने कोणाला मनात हाक मारता, त्याच नावाने एकदा मोठ्याने हाक मारा. माझ्यासारख्याच्या पोटात ठेवू नका.

काकू अजूनही दुपारी मला सुरू करतात आणि कोऱ्या पानावर ती सहा अक्षरं लिहितात. मी आता त्यांना काहीच विचारत नाही. मी उघडाच असतो, आणि आत काही नसतं.